रोजची एक गोष्ट, जी सुटत नाही (अनुभव धागा)

आनंदी कसं राहावं हे सांगणारे खूप आहेत. मला ऐकायचंय ते वेगळं. तुमच्या दिवसात अशी कुठली छोटी गोष्ट आहे, जी तुम्ही सणावारी, पाहुणे आलेले असताना, अंगात कणकण असतानाही करता आणि जिच्यामुळे दिवस आपला वाटतो? माझा अंदाज असा, की ही गोष्ट सहसा आपल्यापुरती नसते. तिच्या दुसऱ्या टोकाला कुणीतरी असतं : शेजारी, नातवंड, गाव. हा अंदाज खोटा ठरवणारे अनुभवही हवेत.

काय करता, कुठल्या वेळी करता आणि त्यासाठी काय सोडावं लागलं, एवढं लिहा. सल्ले नकोत, घडलेलं हवं. नाव द्यायचं नसेल तर गाव आणि काम पुरे.

केज, जि. बीड. शेती.

आमची शेती पावसावरची. सोयाबीन, तूर, थोडी ज्वारी. वडील वारल्यावर कारभार माझ्याकडं आला. एका शिबिरात पर्जन्यमापक बघितला आणि घेऊन आलो. तेव्हापासून पावसाळ्यात रोज सकाळी साडेआठला मी पाऊस मोजतो. साडेआठच का, तर हवामान खात्याची नोंदही त्याच वेळेला होते, त्यामुळं मागच्या चोवीस तासांचा आकडा त्यांच्याशी ताडून बघता येतो. मग विहिरीत दोरी सोडून पाणी किती खाली आहे ते बघायचं. वहीत तारीख, पाऊस, पाणी आणि शेतात काय दिसलं त्याची एक ओळ : तुरीला फुलं लागली, गोगलगायी निघाल्या, वाफसा झाला (म्हणजे माती पेरणीजोगी ओलसर झाली).

यात आनंद कसला, असं कुणी विचारेल. कोरडवाहू शेतकऱ्याचं मन जूनमध्ये जाग्यावर नसतं. एक सर आली की शेजारचा पेरणीला निघतो आणि आपण मागं राहिलो असं वाटायला लागतं. ७५ ते १०० मिलीमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, असं कृषी विभाग दरवर्षी सांगतो. पण आपल्या रानात किती झाला ते कळायचं कसं? महसूल मंडळाचं यंत्र असतं, मात्र एका मंडळात गावं बरीच आणि पाऊस तर बांधाबांधाला वेगळा. वहीमुळं माझी ही घालमेल थांबली. चाळीस झाला असेल तर चाळीस. बियाणं घरात आणि मी निवांत.

एका वर्षी गावात बऱ्याच जणांवर दुबार पेरणीची वेळ आली. पुढच्या जूनपासून लोक विचारायला लागले, "दादा, किती झाला?" आता नऊच्या आत गावाच्या ग्रुपवर आकडा पडला नाही तर फोन येतात. पाऊस माझ्या हातात नाही, भाव तर अजिबातच नाही. साडेआठची नोंद मात्र माझ्या हातात आहे आणि तिची कुणीतरी वाट बघतंय. एवढ्यावर मी वाईट वर्षं काढली आहेत. सोडावं काय लागलं? सकाळी गावात पारावर बसणं गेलं. पोरगी सातवीत आहे, ती वहीतल्या आकड्यांचे आलेख काढते, आणि मी बाहेरगावी असलो की नोंदही तीच करते.

नाशिक. परिचारिका.

वॉर्डात माणसांची नावं हरवतात. "सहा नंबरचं सलाईन", "बारा नंबरचे नातेवाईक" असंच सगळं चालतं. मी ड्यूटीवर आले की आधी एक फेरी कागद हातात न घेता मारते. प्रत्येकाला नावानं किंवा आजी, आजोबा, मावशी अशी हाक मारायची आणि आजाराबाहेरचा एक प्रश्न विचारायचा. कांदा काढला का? नात कितवीला गेली? माझा चहा यात जातो, जाऊ दे. "सिस्टर, जरा छातीत भरल्यासारखं होतंय" हे वाक्य ओळखीच्या माणसाला लवकर सांगितलं जातं, आणि आमच्या कामात लवकर कळण्यावर पुष्कळ अवलंबून असतं. रात्रपाळी करून घरी जाताना पाय दुखत असतात, पण आपण नुसती इंजेक्शनं देऊन आलो असं वाटत नाही.

कोल्हापूर. बँकेतून निवृत्त.

सौ. गेल्यावर डबा लावला होता. पोट भरायचं, पण दुपारनंतर करायला काहीच नसायचं. शेजारच्या वहिनींनी एक दिवस परात पुढ्यात ठेवली आणि म्हणाल्या, "भाऊ, बसा, आज तुम्ही थापायची." ज्वारीच्या पिठाला कढत पाणी, मग तळहाताच्या टाचेनं चांगलं रगडायचं. थापताना भाकरी परातीत फिरली पाहिजे. तव्यावर टाकली की वरून पाण्याचा हात फिरवायचा आणि ते पाणी पुरतं सुकायच्या आत उलटायची, नाहीतर चिरा पडतात. पहिले कित्येक दिवस माझी भाकरी म्हणजे नकाशेच होते, पण वहिनी रोज येऊन बघून जायच्या.

पीठ मी आठवड्यापुरतंच दळून आणतो. जुन्या पिठाची विरी, म्हणजे चिकटपणा, जाते आणि भाकरी तुटते. त्या निमित्तानं गिरणीत जाणं होतं, चार माणसं भेटतात. वरच्या मजल्यावर इंजिनिअरिंगची दोन मुलं भाड्यानं राहतात. आता त्यांच्या भाकऱ्या मी करतो, भाजी ती करतात आणि रात्रीचं जेवण तिघांचं माझ्याकडे. परीक्षेच्या दिवसांत ती उशिरा येतात, मी थांबतो. दुःख गेलं असं मी म्हणणार नाही. ते जावं असंही मला वाटत नाही. पण संध्याकाळी सहा वाजता मला उठून पीठ मळायचं असतं.

ठाणे. रिक्षा.

मी रक्तदान करतो. पुरुषाला दर तीन महिन्यांनी करता येतं आणि हिमोग्लोबिन १२.५ लागतं. एकदा माझं कमी भरलं म्हणून परत यावं लागलं, ते फार लागलं मनाला. तेव्हापासून रोज डब्यात पालेभाजी, दुपारी गूळ-शेंगदाणे, आणि जेवणावर लगेच चहा बंद, कारण चहामुळे जेवणातलं लोह अंगी लागत नाही असं डॉक्टरांनी सांगितलं. स्टँडवरच्या मित्रांनाही आता ठाऊक आहे, जेवल्यावर मला चहा विचारत नाहीत. नुसतं स्वतःच्या तब्येतीसाठी मी हे इतकी वर्षं पाळलं नसतं.

टोरांटो. घर आणि अर्धवेळ नोकरी.

आमच्याकडे रात्रीचे आठ वाजले की साताऱ्यात उन्हाळ्यात पहाटेचे साडेपाच आणि हिवाळ्यात साडेसहा झालेले असतात. बाबा उठलेलेच असतात. माझा मुलगा आणि ते मिळून आदल्या दिवशीचं वर्तमानपत्र वाचतात, एक ओळ याची, एक त्यांची. जोडाक्षर अडलं की बाबा कॅमेऱ्यासमोर पाटी धरतात. मार्चमध्ये इथली घड्याळं पुढे जातात, तेव्हा नातवासाठी ते आपला गजर आपणहून तासभर आधीचा लावतात. आमचं त्या वेळचं टीव्ही बघणं बंद झालं, पण बाबांचा "आता मी काय कामाचा" हा सूरही बंद झाला.

पुणे. आधी स्पर्धा परीक्षा, आता नोकरी.

धागाकर्त्या ताईंचा अंदाज मला अर्धाच पटतो, म्हणून लिहितोय. चांगल्या सवयी माझ्याकडे सगळ्या होत्या. पहाटे वेताळ टेकडी, सातला अभ्यासिका, रविवारी वस्तीतल्या मुलांना गणित शिकवणं. दुसऱ्या टोकाला माणसंही होती. तरी आत काही पोचत नव्हतं. जेवणाला चव नाही, झोप रोज तीनला मोडायची. घरचे काळजीपोटी म्हणायचे, व्यायाम वाढव. मी वाढवला आणि अजून थकलो.

रूममेटनं १४४१६ हा नंबर दिला. टेलिमानस ही मानसिक आरोग्यासाठी फोनवर मदत करणारी सरकारी सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली. ती मोफत आहे, चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येतं. पलीकडच्या ताईंनी घाई न करता ऐकलं आणि मानसोपचारतज्ज्ञांना भेटायला सांगितलं. उपचारांनी हळूहळू फरक पडला. तेव्हा कुठे टेकडीवर जाऊन बरं वाटायला लागलं. रात्री जेवणानंतरची गोळी आणि ठरलेल्या तारखेला डॉक्टर, ही माझी न सुटणारी गोष्ट होती. दोन आठवडे उलटूनही कशातच मन लागत नसेल, तर नव्या सवयी लावत बसू नका, डॉक्टरांशी बोला. आणि घरात असं कुणी असेल तर त्याला आळशी म्हणू नका.

धागाकर्ती : पुण्याच्या दादांनी लिहिलं हे फार बरं झालं. माझ्या अंदाजात आजारपणाला जागाच नव्हती. इथे वाचणाऱ्या प्रत्येकाने तो नंबर फोनमध्ये ठेवावा. कोल्हापूरच्या काकांचं वाचून आमच्याकडे आज ज्वारी आली.

बार्शी. शिक्षिका.

माझा अनुभव सवडीने लिहीन. आधी केजच्या दादांना विचारायचंय. शाळेच्या आवारात मुलांकडून पाऊस मोजून घ्यावा असं मनात आहे. पर्जन्यमापक विकत घ्यावाच लागतो का? आणि आवारात झाडं बरीच आहेत.

केज, जि. बीड. शेती.

ताई, झाडाच्या किंवा भिंतीच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतर सोडून मोकळी जागा बघा. सुरुवातीला सरळ उभ्या बाजूंचा, सपाट तळाचा डबाही चालतो. पट्टीनं मोजलं की एक सेंटिमीटर पाणी म्हणजे दहा मिलीमीटर पाऊस. डबा वाकडा बसता कामा नये आणि वाऱ्यानं पडू नये म्हणून भोवती विटा लावा. मोजून झालं की पाणी ओतून टाकायचं. पाऊस नसेल त्या दिवशीही मुलांना शून्य लिहायला लावा, नाहीतर नंतर कळत नाही की पाऊस नव्हता का नोंद राहिली. रविवारी आणि सुट्टीत कोण मोजणार ते आधीच ठरवा, शाळेत तिथंच अडतं. सुरू केलंत की आकडा मलाही कळवा. तुमच्याकडं पडलेला आमच्याकडं किती येतो ते पोरीला बघायचंय.