पॅच की जेल? घामाच्या मुलखात काय टिकतं?

ठाण्याची_नीता: पाळी जाऊन वर्ष उलटलं. रात्री अंगातून वाफा निघतात, झोपेचं पार खोबरं. डॉक्टरीणबाईंनी इस्ट्रोजेन, म्हणजे पाळी गेल्यावर कमी होणारं बायकांचं हार्मोन, सुचवलं, तेही त्वचेतून. गोळी आधी यकृतातून जाते आणि रक्तात गुठळी व्हायचा धोका वाढवते. त्वचेतून घेतलेल्याचं तसं दिसत नाही, म्हणाल्या. आता पॅच की जेल? माझा कल जेलकडे.

लेस्टरची_माई: पॅच! आठवड्यातून दोनदा जुना काढा, नवा चिकटवा, विषय संपला. ५० मायक्रोग्रॅमचा असेल तर रोज साधारण तेवढं औषध सलग मिळत राहतं. जेल म्हणजे रोज दंडावर पसरा, वाळेपर्यंत बाह्या वर करून उभ्या राहा, वर तासभर पाणी लावायचं नाही. शिवाय २०२२ मध्ये इथे इंग्लंडात जेलचा असा तुटवडा पडला की बायका दुकानं पालथी घालत होत्या.

कुर्ला_स्लो: माई, तुमचं लेस्टर थंडगार आहे हो. भाचीने तिकडून आणलेला पॅच मी ओटीपोटावर लावला. लोकलमधून उतरेपर्यंत परकराच्या नाडीने कड उचलली, संध्याकाळी पॅच परकराला आणि खाज मला. खाली उरलेल्या चिकट चौकोनात कपड्याचे धागे अडकलेले, ते काढायला खोबरेल तेल चोळत बसले. इथल्या औषधवाल्याकडे पॅच मागवावाच लागतो. जेलची ट्यूब होती, तीच घेतली.

लेस्टरची_माई: अगं, नाडीच्या जागी लावतात का कुणी! कुल्ल्यावर, वरच्या भागात लाव. त्वचा कोरडी हवी, तेल-पावडर नको, तळव्याने दाबून धर, दर वेळी जागा बदल. आणि जेल कुणाच्या अंगात किती मुरेल याचा नेम नाही. एकीला दोन पंपांत, म्हणजे १.५ मिलिग्रॅममध्ये आराम, दुसरीला काहीच फरक नाही.

कुर्ला_स्लो: तो नेम पॅचचाही नाही. निदान जेलचं माप डॉक्टरांना विचारून थोडं कमी-जास्त करता येतं.

वसंत_प: निसर्गाचा क्रम आहे हा. आमच्या आईने काय लावलं होतं?

ठाण्याची_नीता: काही नाही. रात्रभर पदराने वारा घेतला आणि दिवसभर सगळ्यांवर डाफरली. पुढे बोला.

नातवाळ_आजी: जेलवाल्यांनो, लावल्यावर लगेच लेकरू कडेवर घेऊ नका, औषध त्याच्या अंगाला लागतं. आणि त्यात अल्कोहोल असतं. अंघोळ, जेल आणि तशाच ओल्या दंडाने देवापुढे काडी ओढायची, हे बंद करा. आधी वाळू द्या.

औषधांच्या_दुकानातली: भांडा खुशाल, पण गर्भाशय असेल तर नुसतं इस्ट्रोजेन चालत नाही, अस्तर जाड होतं, पुढे कर्करोगाची भीती. जोडीला प्रोजेस्टेरॉन हे दुसरं हार्मोन लागतं. स्तनाचा कर्करोग होऊन गेला असेल किंवा मध्येच रक्तस्राव होत असेल, तर दोन्हीच्या आधी डॉक्टर. बाकी २००२ च्या ज्या अमेरिकन अभ्यासाने हार्मोन घेण्याबद्दल सगळ्यांना घाबरवलं, त्यात गोळ्या होत्या. पॅचही नव्हते, जेलही नाही.

लेस्टरची_माई: प्रोजेस्टेरॉनचंच सांगते. आमच्याकडे दोन्ही औषधं एकाच पॅचमध्ये मिळतात. जेलमध्ये दाखवा बरं!

कुर्ला_स्लो: झोपताना एक कॅप्सूल, त्यात काय एवढं? मला तर तिने झोपही बरी लागते. तुमचा पॅच आधी मे महिन्यात विरारपर्यंत टिकवून दाखवा.