दीर्घिकागुच्छांचे वस्तुमान : विद्यार्थी प्रकल्पासाठी कोणती पद्धत घ्यावी?

शरयू_नाशिक : नमस्कार. मी नाशिकच्या एका महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवते. तृतीय वर्षाच्या विद्यार्थ्यांकडून आकाशाच्या खुल्या सर्वेक्षणांच्या विदेवरून दीर्घिकागुच्छांची, म्हणजे गुरुत्वाने एकत्र बांधलेल्या शेकडो दीर्घिकांच्या समूहांची, वस्तुमाने काढून घ्यायची आहेत. 4 जीबीचे दोन जुने लॅपटॉप हाताशी आहेत आणि खर्चाची मर्यादा 3,000 रुपये आहे. दीर्घिकांचे वेग, क्ष-किरण की सदस्यसंख्या (गुच्छातील दीर्घिका मोजून वस्तुमानाचा अंदाज), कोणत्या वाटेने जावे?

गोदाकाठ : ताई, आधी लॅपटॉप बदला. मी ग्राफिक्स कार्डासह 70,000 रुपयांचा संगणक घेतला, तेव्हापासून माझे एकही काम अडलेले नाही.

सिन्नरकर_खगोल : या कामाला स्प्रेडशीट पुरते. कोमा गुच्छ घ्या. खगोलशास्त्रज्ञ फ्रिट्झ झ्विकी यांनी 1933 मध्ये याच गुच्छातील वेगांवरून अदृश्य वस्तुमानाचा निष्कर्ष काढला होता. वेग जितके विखुरलेले, तितके त्यांना धरून ठेवणारे वस्तुमान जास्त. स्लोन या खुल्या आकाश-सर्वेक्षणातून वर्णपटावर मोजलेल्या ताम्रसृती (दीर्घिका दूर जात असल्याने प्रकाश लाल बाजूला सरकण्याचे माप) उतरवून घ्या, सरासरीपासूनच्या प्रत्येक फरकाला प्रकाशवेगाने गुणा, 1 अधिक सरासरी ताम्रसृतीने भागा आणि प्रमाण विचलन काढा. उत्तर सेकंदाला 1,000 किलोमीटरच्या आसपास यायला हवे. नुसत्या रंगांवरून अंदाजलेल्या ताम्रसृती मात्र घेऊ नका, कारण तेथील 0.02 ची चूक म्हणजे सेकंदाला 6,000 किलोमीटर, आणि तिच्यात गुच्छातील वेगांचे विचलन बुडून जाते.

पंचवटी_४२२ : वेगांचीच पद्धत योग्य, हे मीही सांगणार होतो. तथापि वस्तुमान वेगांच्या विचलनाच्या घनाप्रमाणे वाढते, त्यामुळे पुढेमागे असलेल्या परक्या दीर्घिका यादीत शिरून विचलन 10 टक्क्यांनी फुगले, तर वस्तुमान 33 टक्क्यांनी फुगते. शिवाय स्लोनमध्ये प्रत्येक दीर्घिकेचा प्रकाश धातूच्या प्लेटवर बसवलेल्या एकेका प्रकाशतंतूतून घेतला जातो, आणि एका प्लेटवर दोन तंतू 55 विकलांहून (विकला म्हणजे अंशाचा 3,600 वा भाग) जवळ बसत नाहीत, म्हणून दाट केंद्रातल्या काही दीर्घिकांचे वर्णपट मिळतच नाहीत. आणि विदेच्या दोन प्रती ठेवा; माझी हार्ड डिस्क वॉरंटी संपताच बंद पडली आणि दुकानदाराने हात वर केले.

नारायणगावमार्गे : पुणे रस्त्यावरच्या नारायणगावाजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. तिच्या 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेना विद्यार्थ्यांना एकदा दाखवाच.

सिन्नरकर_खगोल : सहल जरूर न्यावी, पण रेडिओ तेजावरून वस्तुमान थेट निघत नाही, आणि येथे प्रश्न वस्तुमानाचा आहे.

तप्तवायू : माझा विश्वास क्ष-किरणांवरच आहे, कारण गुच्छातील क्ष-किरण सोडणारा कोट्यवधी अंशांचा वायू गुरुत्वाने धरून ठेवलेला असतो, म्हणून त्याच्यावरून वस्तुमान काढता येते. इरोझिटा या क्ष-किरण अवकाश दुर्बिणीची विदा जानेवारी 2024 मध्ये खुली झाली आहे. वायूत खळबळ असल्यास वस्तुमान प्रत्यक्षापेक्षा कमी भरते, एवढे लक्षात ठेवावे.

शरयू_नाशिक : सर्वांचे मनापासून आभार. सर्व विचार करून मी सदस्यसंख्येची वाट निवडत आहे. रेडमॅपर या गुच्छांच्या यादीत स्लोनच्या छायाचित्रांतून शोधलेले पंचवीस हजारांहून अधिक गुच्छ असल्याने प्रत्येक विद्यार्थ्याला स्वतःचा गुच्छ मिळेल. 40 रिचनेसच्या (रिचनेस म्हणजे यादीत दिलेली अंदाजे सदस्यसंख्या) गुच्छांचे सरासरी वस्तुमान सूर्याच्या सुमारे 300 लाख कोटी पट आहे, हे गुरुत्वीय भिंगामुळे मागच्या दीर्घिकांच्या आकारात पडणाऱ्या किंचित ताणावरून ठरवलेले आहे. एकेका गुच्छात पाव भागाची तफावत पडू शकते. ती विद्यार्थी उत्तराशेजारी लिहितील.

सिन्नरकर_खगोल : पाव भागाची तफावत मला पटत नाही. निदान एक गुच्छ वेगांवरून ताडून पाहा. त्यासाठी कोमा चालणार नाही, कारण रेडमॅपर यादी 0.08 ताम्रसृतीपासून पुढे सुरू होते आणि कोमा त्याहून जवळ आहे; 0.09 वरचा एबेल 2142 हा गुच्छ घ्या.