जुन्या फर्ग्युसनला इलेक्ट्रॉनिक इग्निशन? माझं मत: अजिबात नको

मुलुंडकर (धागाकर्ता)
आजोबांचा करडा फर्ग्युसन टीई-२० ट्रॅक्टर कर्जतला शेडमध्ये आहे. कव्हेंट्रीत १९४६ ते १९५६ या काळात असे पाच लाखांहून जास्त बनले. आमचा रॉकेलवाला: पेट्रोलवर चालू करायचा, इंजिन तापलं की रॉकेलवर टाकायचा. (डिझेलवाल्यांसाठी: हो, याला ठिणगी पाडणारे प्लग असतात. चार.)

गेल्या महिन्यात मिस मारायला लागला, म्हणजे इंजिन मधेच ठोका चुकवतं. प्लग बदलले, तर आणखी वाईट. ऑपेरा हाऊसला एक दुकानदार इरिडियम प्लग आणि पॉइंटच्या जागी बसणारं इलेक्ट्रॉनिक किट गळ्यात मारत होता. मी नको म्हटलं. पॉइंट (ठिणगीसाठी करंट जोडणारी-तोडणारी दोन टोकं) खराब झाले तर बांधावर बसून पॉलिश पेपरने घासता येतात. किट गेलं तर ट्रॅक्टर जागेवरच. साधे प्लग, चांगला कंडेन्सर (पॉइंटना जळण्यापासून वाचवणारा छोटा डबा), बस्स.

घाटकोपरचा गॅरेजवाला
असहमत. पद्मिनी टॅक्स्यांचे पॉइंट घासून माझी बोटं काळी झाली, म्हणून बोलतो. पॉइंटची टाच झिजते, दोन टोकांतला गॅप कमी होतो, टायमिंग मागे जातं, म्हणजे ठिणगी उशिरा पडते. मग सकाळी हँडल मारून खांदा निखळतो. शिवाय आजचे कंडेन्सर! नवा कोरा लावा, आठवड्यात पॉइंट जळतात. किट एकदा बसवलं की घासाघीस संपली. शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरात बंद झाली, तुमची जुन्याची हौसही तिच्याबरोबर पाठवा.

करंट लागला
गॅरेजवाले, सगळा दोष कंडेन्सरवर का? १२ व्होल्टवर दीड ओहमची कॉइल (ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणारी) विना रेझिस्टर लावली तर पॉइंट जळणारच. थेट लावायची तर तीन ओहमची हवी. मीटरने मोजायला दोन मिनिटं लागतात.

आणि किट घेण्याआधी बॅटरी बघा. मधे कुणी फिरवली नसेल तर याची अर्थ उलटी असते, प्लस बॉडीला. बाजारातली बहुतेक किटं मायनस अर्थची. उलटं जोडलंत की संपलं. पॉइंटना प्लस-मायनसशी देणंघेणं नाही.

घाटकोपरचा गॅरेजवाला
प्लस अर्थचीही किटं मिळतात, मागवावी लागतात. डोळे मिटून वायर जोडणाऱ्याने पॉइंटलाही हात लावू नये.

माटुंग्याची मावशी
भांडण छान चाललंय, पण मूळ प्रश्न कुणी विचारलाच नाही. मुलुंडकर, नवे प्लग कुठल्या नंबरचे आणलेत? आणि काढल्यावर कसे दिसतात?

मुलुंडकर
जुने बॉशचे डब्ल्यू-८ होते. ते नाही मिळाले, म्हणून एनजीकेचे आठ नंबर घेतले. आठाला आठ. काढले तर तिसऱ्यावर कोरडी, मऊ काजळी. बोट लावलं तर डोळ्यात घालायच्या काजळासारखं आलं.

माटुंग्याची मावशी
तेच! बॉशमध्ये नंबर वाढला की प्लग गरम (टोक जास्त तापणारा), एनजीकेमध्ये वाढला की थंड. बॉशच्या आठाला एनजीकेचा पाच लागतो. तुम्ही तीन पायऱ्या थंड प्लग लावलात. रॉकेलचं कमी कॉम्प्रेशनचं इंजिन, त्यात थंड प्लग: टोक इतकं तापतच नाही की काजळी जळून जाईल. मग करंट काजळीवरून गळतो, ठिणगी पडणार कुठून?

पाच नंबर घेताना चुडीची लांबीही जुन्याशी ताडून बघा. १२.७ मिमीच्या जागी १९ मिमीचा घातलात तर पिस्टनला आपटू शकतो. इरिडियमला पैसे घालवू नका, जुना ट्रॅक्टर काजळी धरणारच. साधे घ्या आणि बदला.

मुलुंडकर
मावशी, दंडवत. म्हणजे इग्निशन ठीकच होतं.

घाटकोपरचा गॅरेजवाला
ठीक कसलं? प्लग बदलण्याआधीही मिस मारतच होता, तुम्हीच लिहिलंय. तो पॉइंटचाच प्रताप. पावसाळ्यात कर्जतला कॅप (प्लगना करंट वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरचं झाकण) ओली होऊन हँडल मारत बसाल तेव्हा मला फोन करू नका.

करंट लागला
कॅप ओली झाली तर तुमच्या किटचा करंटही तिथूनच गळणार. सुकं फडकं दोघांनीही ठेवा.

मुलुंडकर
शनिवारी पाच नंबर लावतोय. गॅरेजवाले, तुम्ही या, फीलर गेज (गॅप मोजायच्या पट्ट्या) घेऊन. पॉइंट तुमच्यासमोर सेट करू, मग बोला.