शंभर माणसांची नगरपालिका चालते तरी कशी?

पांझराकाठचा:
राम राम मंडळी. मी साक्री तालुक्यातला. आमची ग्रुप ग्रामपंचायत, आमचा पाडा मुख्य गावापासून साडेतीन किलोमीटर, चाळीसेक घरं. 7 मेंबर, त्यात आमचा एकच, मीटिंगमध्ये आमचा विषय निघेपर्यंत चहा होऊन लोक उठलेले असतात. मागच्या उन्हाळ्यात हातपंप बंद पडला तर सव्वा महिना बाया नाल्यापलीकडच्या विहिरीवरून हंडे आणत होत्या, माझी आजीसुद्धा. परवा रात्री मोबाईलवर नकाशा बघता बघता स्वीडन आणि फिनलंडच्या मधल्या समुद्रात सोट्टुंगा नावाची जागा सापडली, वस्ती जेमतेम 100 माणसं, आणि त्यांची स्वतःची नगरपालिका! देश फिनलंड पण बोलतात स्वीडिश. पैसा कुठून येतो, आणि अजून कोणी त्यांना मोठ्या गावाला जोडून टाकलं कसं नाही? कोणाला माहीत असेल तर सविस्तर लिहा.

तापीवाला:
भाऊ मी हेलसिंकीला चार वर्षं नोकरीला होतो, एका उन्हाळ्यात तिकडे गेलोय म्हणून लिहितो. सोट्टुंगा ओलांड प्रांतात येतं. तिथे 16 नगरपालिका, त्यात ही सगळ्यात लहान, आणि लोकसंख्येने अख्ख्या फिनलंडमध्येही हीच लहान. 1809 पर्यंत हा सगळा मुलूख स्वीडनचा, मग रशियाकडे गेला. 1917 ला फिनलंड स्वतंत्र झाला तेव्हा ओलांडच्या लोकांना परत स्वीडनमध्ये जायचं होतं. भांडण राष्ट्रसंघापर्यंत गेलं आणि 1921 ला निकाल लागला की बेटं फिनलंडची, पण भाषा, जमीन आणि कारभार लोकांचा. 1922 पासून त्यांची स्वतःची विधानसभा आहे, तिला लागटिंग म्हणतात.

पैशाचं म्हणशील तर तिथली नगरपालिका लोकांच्या उत्पन्नावर स्वतःचा कर लावते, किती टक्के ते तीच ठरवते, आणि वरून प्रांत सरकार अनुदान देतं. मुलांची शाळा, पाळणाघर, म्हाताऱ्यांची देखभाल हे सगळं नगरपालिकेच्या अंगावर. दवाखाना मात्र प्रांत बघतो.

जळगावची मॅडम:
मला यातली भाषेची बाजू जास्त महत्त्वाची वाटते. ओलांडची राजभाषा फक्त स्वीडिश, सरकारी शाळा स्वीडिशमध्ये, फिनिश ज्याला हवी त्याने घ्यायची. फिनलंड सरकारलासुद्धा त्यांच्याशी पत्रव्यवहार स्वीडिशमध्येच करावा लागतो. एकूण माणसं किती तर 30 हजारांच्या आसपास, म्हणजे आपल्या एखाद्या तालुक्याच्या गावाएवढी! मी पहिलीला शिकवते. जूनमध्ये एक पोरगं रडत म्हणालं "माले घर जानं शे", तर बाकीची पोरं फिदीफिदी हसली, आणि हसणाऱ्यांतली निम्मी घरी अहिराणीच बोलतात हो. मी त्याला जवळ घेऊन अहिराणीतच बोलले तेव्हा कुठे गप्प झालं. आपल्या आईची भाषा बोलली म्हणून लाज वाटावी हे सहा वर्षांच्या लेकराला कोणी शिकवलं, याचा मला फार त्रास होतो.

सातपुडा_७७:
मॅडमचं पटलं, पण पांझराकाठच्या भाऊ, तिकडे सगळं आलबेल आहे असं समजू नका. तरुण पोरं शिकायला बाहेर जातात, सगळीच परत येत नाहीत. आणि जोडायचा प्रयत्न तिथेही झाला, 16 च्या 4 नगरपालिका करायचा कायदा पास झाला होता, लोकांचा विरोध होता, मग 2019 च्या निवडणुकीनंतर आलेल्या नव्या सरकारने तो रद्द केला. आणखी एक, तिथे मनासारखी जमीन घ्यायची किंवा लागटिंगला मत द्यायचं तर रहिवासी हक्क लागतो. बाहेरून आलेल्याला तो मिळवायचा तर फिनलंडचं नागरिकत्व, 5 वर्षं मुक्काम आणि कामापुरती स्वीडिश पाहिजे. बेट सोडून 5 वर्षांच्या वर बाहेर राहिलात तर हक्क जातो. आपल्याकडे पाड्याच्या जमिनी कोणाकोणाच्या नावावर गेल्या ते तलाठी आप्पालाच विचारा.

पांझराकाठचा:
सगळ्यांचे मनापासून आभार. म्हणजे 100 माणसं असली तरी कर ठरवायचा आणि खर्च करायचा हक्क त्यांच्या हातात आहे, आमच्याकडे हातपंपाच्या वायसरसाठी सुद्धा तालुक्याला खेटे घालावे लागतात. आमच्या पाड्याची वेगळी ग्रामपंचायत होणं अवघड आहे, लोकसंख्येतच बसत नाही, पण पाड्याची वेगळी ग्रामसभा तरी मागता येईल, साक्रीच्या आदिवासी भागाला पेसा, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभेला जास्त हक्क देणारा कायदा, लागू आहेच. रविवारी पोरांना बसवून अर्ज लिहितो. तापीवाले दादा, तुम्ही तिथे गेलात तर लोक राहतात कसे ते लिहा ना.

तापीवाला:
बेटावर जायला फेरीबोट, लोंगनेस बंदरातून. बोटीचं तोंड उघडतं आणि गाड्या रांगेने थेट पोटात जातात. माझ्या पुढे एका बाईच्या गाडीत मागे कोंबड्यांच्या खाद्याची पोती आणि कपडे धुवायची नवीन मशीन, म्हणजे आठवडाभराचं काम एकाच फेरीत उरकून चालली होती. बोटीचं टाइमटेबल हेच त्यांचं घड्याळ. आणि ओलांडचा पॅनकेक खाल्ला, घट्ट शिजवलेला दुधातला रवा, त्यात अंडी आणि वेलदोडा, ओव्हनमध्ये भाजलेला, वर सुक्या आलुबुखाऱ्याचा पाक आणि फेटलेली साय. पहिला घास घेतला आणि वेलदोड्याच्या वासाने आईचा सत्यनारायणाचा शिराच आठवला, घरी फोन लावला तेव्हा इकडे रात्रीचे अकरा वाजले होते. अर्ज लिहिलास की इथे टाक भाऊ, माझा मेहुणा पंचायत समितीत होता, त्याला दाखवतो.