गाडी आणि विमान यांच्यात तीन तास पुरतील का?

घरी परतायचं विमान दुपारी दीडचं, गाडी विमानतळाच्या स्टेशनात साडेदहाला, म्हणजे हातात तीन तास, असा तुमचा हिशोब आहे. मला तो पटत नाही. आंतरराष्ट्रीय उड्डाणासाठी सामान घेणारे काउंटर साधारण तासभर आधी बंद होतात, तेव्हा दीड विसरा, साडेबारा धरा. त्यात वाटेत आठ मिनिटांत गाडी बदलायची! मी हे केलंय. लिफ्ट बंद, दोन्ही हातांत बॅगा, जिना उतरून पलीकडच्या फलाटावर चढेपर्यंत पुढची गाडी डोळ्यांदेखत सुटली.

तिकिटं वेगवेगळी असतील तर गाडीच्या उशिराशी विमान कंपनीला काही देणंघेणं नसतं. काही कंपन्या रेल्वेचा टप्पा विमानाच्याच तिकिटात देतात, जर्मनीत लुफ्थान्सा देते तसा. मग गाडीच्या उशिरामुळे विमान चुकलं तर पुढची सोय त्यांना बघावी लागते. ते मिळत असेल तर थोडे जास्त पैसे गेले तरी चालतील. नाहीतर अशी गाडी घ्या की ती रद्द झाली तरी तिच्या मागच्या गाडीने वेळेत पोहोचता येईल. पहाटेचं विमान असेल तर सरळ आदल्या रात्रीच जाऊन राहा.

आणखी कुणीतरी १४ तारखेच्या ००:४० च्या, म्हणजे १३ ची मध्यरात्र उलटताच सुटणाऱ्या विमानाचं विचारलंय. त्यासाठी १३ च्या संध्याकाळीच विमानतळ गाठायचा. रेल्वेचं तिकीट १४ चं काढून निवांत बसलेले लोक मी पाहिलेत.