मदत हवी आहे : संगणक शिकवण्यातच करिअर करायचंय, आधी काय करू?

नमस्कार मंडळी. मी सोलापूरची, कॉम्प्युटर इंजिनिअरिंग झालंय. सध्या पूर्व भागातल्या एका शाळेत संगणक शिकवते. बऱ्याच मुलांच्या घरी तेलुगू, शाळेत मराठी आणि कीबोर्ड इंग्रजी. स्क्रॅच (ठोकळे जोडून प्रोग्राम बनवायचं सॉफ्टवेअर) मराठीतून समजावून दिलं, तर सातवीतल्या एका मुलीने पुनरावृत्तीच्या एका ठोकळ्यात दुसरा ठोकळा घातला आणि पडद्यावर चादरीची नक्षी उमटली. तिच्या घरी यंत्रमाग आहे. उभ्या-आडव्या धाग्यांचा हिशेब तिला आधीच ठाऊक होता. मुलं असं कसं शिकतात, नेमकी कुठे अडतात, यावरच मला काम करायचंय.

घरचे म्हणतात, पुण्याला जा, आयटीत नोकरी धर. पगाराचं त्यांचं म्हणणं खोटं नाही. पण आपल्याच जिल्ह्यात, परितेवाडीच्या झेडपी शाळेत डिसले सरांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले आणि २०२० साली त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं. मग इथून का नाही होणार?

आयआयटी मुंबईत शैक्षणिक तंत्रज्ञानात पीएचडी करता येते. त्याआधी एमटेक करावं, की बीएड करून वर्गातच राहावं? या वाटेने गेलेलं कुणी आहे का इथे? शैक्षणिक सॉफ्टवेअरच्या कंपन्यांत अभ्यासक्रम रचणाऱ्याला वाव असतो, की शेवटी विक्रीलाच जुंपतात?

आणि हो, सीएसपाठशाळेचे (शाळांत संगणकीय विचार शिकवण्याचा प्रकल्प) संगणकाशिवायचे उपक्रम कुणी मराठीतून घेतलेत का? लाईट गेली की आम्हाला तेच लागतात.