लेव्हल शिफ्टर: आयटूसी चालतं, एसपीआय नाही

प्रश्न: बीएसएस१३८ मॉस्फेटचं (ट्रान्झिस्टर स्विच) ३.३ ते ५ व्होल्टचं मॉड्यूल आहे, म्हणजे सिग्नलचं व्होल्टेज बदलणारा लेव्हल शिफ्टर; दोन्ही बाजूंना १० किलोओहमचे पुल-अप (लाइन सप्लायकडे वर खेचणारे रेझिस्टर). १०० किलोहर्ट्झला आयटूसी (चिप्समधला दोन तारांचा संवाद) व्यवस्थित. ८ मेगाहर्ट्झला एसपीआयवर (चिप्समधला वेगवान संवाद) नुसता कचरा. मॉड्यूल गेलं का?

उत्तर १: मॉड्यूल ठणठणीत असणार. मॉस्फेट लाइन फक्त खाली खेचतो. वर चढवायचं काम एकट्या पुल-अपचं. वायरसकट लाइनचा कपॅसिटन्स ५० पिकोफॅरड धरला तर १० ते ९० टक्के चढायला साधारण १.१ मायक्रोसेकंद लागतात, आणि तुमचा अर्धा क्लॉक जेमतेम ६२.५ नॅनोसेकंदांचा! ऑसिलोस्कोपवर शार्कच्या पंखासारखा आकार दिसेल.

उत्तर २: पुल-अप बदलत बसू नका. क्लॉक, मोसी (पाठवायचा डेटा) आणि चिप सिलेक्टला (चिप निवडणारी लाइन) ७४एएचसीटी१२५ ही चार बफरची चिप लावा, सप्लाय ५ व्होल्ट. 'टी' महत्त्वाचा: त्याला २ व्होल्ट हाय म्हणून पुरतात, साध्या ७४एचसी१२५ला ३.५ लागतात. १, ४, १०, १३ या इनेबल (बफर चालू करणाऱ्या) पिना ग्राउंडला; रिकामा इनपुटही ग्राउंडला, लोंबकळत नको. सप्लाय पिनला खेटून ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर.

प्रश्नकर्ता: आणि मिसो (परत येणारा डेटा)?

उत्तर २: तो उलट्या दिशेचा. ३.३ व्होल्टवर चालणारा ७४एलव्हीसी१२५ घ्या, त्याचे इनपुट ५ व्होल्ट सहन करतात. डिस्प्लेला नुसतं लिहायचं असेल तर मिसो जोडूच नका.